परतीची वाट : गेम कन्सोल, फर्मवेअर आणि ‘अधिकृत’ या शब्दाचा इतिहास

१/ चार हात फिरून आलेला गेम कन्सोल नांदेडच्या वा लातूरच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात येतो आणि मागणी होते ती एकच : ‘पहिल्यासारखा ओरिजिनल करून द्या.’ मागणी साधी दिसते. मात्र तिच्यामागे वीस वर्षांचा संघर्ष आहे. त्या संघर्षाचा हा धागा.

२/ प्रथम शब्दाचा अर्थ. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये कायम वस्तीला असलेली मूळ प्रणाली. कन्सोल सुरू होताच ती जागी होते आणि समोर आलेला खेळ कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीचा आहे की नाही, हे तपासते. स्वाक्षरी नसेल तर खेळ चालत नाही.

३/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी नाही. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब’ उमटवीत. शिवछत्रपतींच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा पत्राची सीमा दाखवी. तिच्यापुढे कोणी मजकूर वाढवला तर तो अग्राह्य. डिजिटल स्वाक्षरीचे कामही तेच : मजकूर आपलाच आहे आणि त्यात फेरफार झालेला नाही, याची हमी देणे.

४/ सोनीचा पीएसपी १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये आला. त्याच्या १.०० आवृत्तीत स्वाक्षरी नसलेले प्रोग्रॅमही चालत. हौशी प्रोग्रॅमरांनी यंत्रासाठी स्वतःचे खेळ लिहिले. त्याच वाटेने चोरीच्या प्रतीही आल्या. दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत आल्या, हे या इतिहासातले मूळ अवघडलेपण.

५/ सोनीने पुढच्या आवृत्त्यांत दार बंद केले. २००५ च्या उन्हाळ्यात आलेल्या २.०० आवृत्तीने वेब ब्राउझर दिला. अनेकांनी आनंदाने अपडेट केले आणि मग त्यांना कळले की हौशी प्रोग्रॅम आता चालत नाहीत. सप्टेंबर २००५ मध्ये टिफ प्रकारची चित्रे उघडण्याच्या यंत्रणेतील एका दोषाचा वापर करून २.०० वरून १.५० वर परतण्याचा मार्ग सापडला. म्हणजे ‘परत जाणे’ याचा आरंभीचा अर्थ आजच्या उलट होता. तेव्हाची ओढ जुन्या, सैल आवृत्तीकडे होती.

६/ या खटाटोपात धोका मोठा होता. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली वा फाइल चुकीची निघाली, तर यंत्र सुरूच होत नसे. जगभरच्या हौशी मंडळींनी अशा यंत्राला नाव दिले ‘वीट’. हजारो रुपयांचे यंत्र आणि भिंतीतली वीट, दोघांचा उपयोग सारखाच.

७/ २००७ मध्ये ‘पँडोरा बॅटरी’ने चित्र पालटले. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी स्मृती असते. तीत साठवलेला अनुक्रमांक विशिष्ट प्रकारे बदलला की पीएसपी दुरुस्ती-अवस्थेत सुरू होई आणि मेमरी स्टिकवरून फर्मवेअर घेई. कंपनीच्या सेवा केंद्राची किल्ली अशा रीतीने सामान्य माणसाच्या हाती आली. मेलेली यंत्रे जिवंत झाली. त्याच बॅटरीने बदललेले फर्मवेअर घालता येई आणि अधिकृत फर्मवेअरही परत आणता येई. पुढच्या मॉडेलांत सोनीने ही वाट बुजवली.

८/ निन्टेन्डो स्विच ३ मार्च २०१७ रोजी आला. एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या टेग्रा एक्स१ चिपमधील एक दोष जाहीर झाला. तो चिपच्या अशा भागात होता जो कारखान्याबाहेर पडल्यावर बदलताच येत नाही. विकल्या गेलेल्या यंत्रांवर कोणत्याही अपडेटचा इलाज चालणार नव्हता.

९/ मात्र स्विचमध्ये दुसरी तजवीज होती. चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात. ठरावीक अपडेटच्या वेळी त्यांतला एक कायमचा जळतो. जळलेल्या फ्यूजांची संख्या जुन्या आवृत्तीच्या अपेक्षेपेक्षा अधिक असेल, तर ती आवृत्ती सरळ मार्गाने सुरू होत नाही. झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे यंत्राच्या पोटात त्याचे वय कोरले जाते.

१०/ म्हणून ‘मूळ रूपात परत’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. बदल करण्यापूर्वी यंत्राच्या स्मृतीची पूर्ण प्रत काढून ठेवली असेल, तर परतीची वाट बरीच सुरक्षित असते. दुसऱ्याच्या यंत्राची प्रत उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक यंत्राच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या असतात. शिवाय कंपनीच्या सर्व्हरने यंत्रावर घातलेली बंदी फर्मवेअर बदलल्याने उठत नाही. दप्तर घरी जाळले तरी सरकारी नोंद राहते, तसेच हे.

११/ मग ‘अधिकृत’ म्हणजे नेमके काय? २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची सोय खुद्द सोनीनेच दिली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७०० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला, तो याच सोयीच्या बळावर. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने सुरक्षेचे कारण देऊन ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारणाऱ्याला ऑनलाइन सेवेवर पाणी सोडावे लागले.

१२/ येथे फेरफार ग्राहकाने केला नव्हता. विकलेली वस्तू विक्रेत्याने बदलली होती. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत काही तंत्रज्ञांनी दाखवले की, स्वाक्षरी करताना दर वेळी नवा यादृच्छिक आकडा घ्यायला हवा, तिथे सोनी तोच आकडा वापरत होती. त्यावरून गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ याने मूळ किल्ली प्रसिद्ध केली, सोनीने दावा लावला आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली. लिनक्सची सोय गमावलेल्या अमेरिकी ग्राहकांच्या सामूहिक दाव्यातही कंपनीने पुढे भरपाईची तडजोड केली.

१३/ मराठवाड्याला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात असताना तिथे ‘हाली’ रुपया चाले. सीमेपलीकडे ब्रिटिशांचा ‘कलदार’. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले, तरी हाली लगेच गेला नाही. १९५०च्या दशकात तो बाद झाला. नाणे तेच, धातू तोच. अधिकृतपण मात्र ते ठरवणाऱ्या सत्तेबरोबर बदलले.

१४/ भारतीय कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ घातले. हक्कभंगाच्या उद्देशाने संरक्षक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ‘उद्देश’ हा शब्द येथे कळीचा आहे. चोरीच्या प्रतींनी निर्मात्यांचे नुकसान होते, हे खरेच. पण प्रत्येक फेरफार चोरीसाठी असतो, असे कायदाही म्हणत नाही.

१५/ इतिहासाच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न जतनाचा आहे. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकाने बंद केली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या अभ्यासात आढळले की, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा संपूर्ण भारतात घडवलेला त्या यंत्रावरील पहिला खेळ मानला जातो. अशा खेळांचे भवितव्य आता जुन्या डिस्क आणि चालू स्थितीतील यंत्रे यांच्यावरच आहे.

१६/ म्हणून जुना कन्सोल अधिकृत रूपात आणण्यापूर्वी त्यातील सेव्ह फाइली, छायाचित्रे आणि स्मृतीची प्रत बाहेर काढणे, आवृत्तीचा क्रमांक टिपून ठेवणे आणि बॅटरी पूर्ण भरणे आवश्यक. एखाद्याच्या धाकट्या भावाने दहा वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडलेला डावही त्यात असू शकतो. कागद पुसण्याआधी त्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, हा दप्तरखान्यातला पहिला नियम यंत्रालाही लागू आहे.