राजूरची चुनकळी आणि पोलादाची मळी

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचे राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. भट्टीतून निघालेल्या चुनकळीवर पाणी टाकले की ती तडतडते, तापते, फुगते आणि तिची भुकटी होते. चुना पुरता विरल्याशिवाय जाणता गवंडी तो भिंतीला लावत नाही. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला, तर पुढे ओल लागून तो फुगतो आणि गिलाव्याचा पोपडा उडवतो. पोलादाच्या मळीचे सारे कोडे या एका अनुभवात सामावलेले आहे.

धातू गाळला की मळी उरायचीच. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी व तिची मळी सापडली. ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची मानतात. मळी टाकाऊ नाही, हे मात्र फार उशिरा कळले. झोतभट्टीची तप्त मळी पाण्यात झटकन थंड केली, की तिचे काचेसारखे कण बनतात आणि चुन्याच्या सान्निध्यात ते सिमेंटसारखे घट्ट होतात, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखवले. भारतात अशा मळी-सिमेंटचे मानक, आयएस ४५५, १९५३ मध्ये आले.

पोलादाची मळी मात्र वेगळी. १८७८ च्या सुमारास इंग्लंडच्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी लोखंडातील फॉस्फरस काढण्यासाठी भट्टीत चुना वापरला. ही मळी दळून शेतात खत म्हणून गेली. पण बांधकामात ती बेभरवशाची ठरली. कारण उघड आहे. पोलाद करताना घातलेल्या चुन्याचा काही भाग संयोग न पावता मळीत तसाच राहतो. मालात गेल्यावर तो सावकाश पाणी घेतो. कॅल्शियम ऑक्साइडचे हायड्रॉक्साइड होताना घनफळ जवळजवळ दुप्पट होते. सिमेंट तोवर घट्ट झालेले असते. फुगायला जागा नसते, म्हणून भिंत तडकते. मॅग्नेशियम ऑक्साइड तर याहूनही सावकाश फुगते.

यावरचा उपाय गवंड्याचाच आहे: मळी आधी विरू द्यायची. ती फोडून उघड्यावर पसरतात, पाणी मारत काही महिने ठेवतात किंवा वाफ देतात. मग ती किती फुगते हे तपासूनच वापरतात. शिवाय ती वाळूहून जड असते, म्हणून वाळूच्या जागी घालताना वजनाऐवजी घनफळाचा हिशेब करावा लागतो.

आयएस ३८३ या मानकाने २०१६ मध्ये साध्या काँक्रीटमध्ये पोलादाची मळी २५ टक्क्यांपर्यंत चालेल असे म्हटले. सळयांच्या काँक्रीटमध्ये मात्र मुळीच नाही. रस्त्यात तिला अधिक मोकळीक मिळाली. रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टप्प्यात ती वापरली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्‍घाटन झाले.

पैनगंगा आणि वर्धा या नद्यांची वाळू आपल्या डोळ्यांदेखत उपसली जाते. तिला पर्याय हवाच; पण न विरलेली मळी घराच्या भिंतीत घालून नव्हे. वर्गात चुनकळीचा छोटा खडा पत्र्याच्या डब्यात ठेवून लांबून पाणी सोडावे; डोळे मात्र जपावेत. मग विद्यार्थ्यांना विचारावे: हाच खडा भिंतीत असता तर?