एका रेषेची अक्षरे

लिपीच्या इतिहासात ताडपत्र, बोरू आणि छापखान्याचा खिळा यांना मानाचे स्थान मिळते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्याला ते सहसा मिळत नाही. आम्हांस हा अन्याय वाटतो. १९९६ साली अमेरिकेत 'पायलट' नावाचा खिशात मावणारा संगणक विक्रीस आला, आणि त्याच्याबरोबर लक्षावधी शिकलेल्या माणसांना रोमन अक्षरे पुन्हा गिरवावी लागली.

त्याआधीची गोष्ट फजितीची आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये ॲपलने 'न्यूटन' आणला. त्याचे वचन मोठे होते : तुम्ही आपल्या वळणाने लिहा, मी वाचीन. यंत्र शब्दकोशाच्या आधाराने अंदाज बांधी; त्यामुळे चुकले तरी निरर्थक अक्षरे न देता एखादा अर्थपूर्ण पण भलताच शब्द पुढे ठेवी. गॅरी ट्रूडो यांनी 'डून्सबरी' या चित्रमालिकेत त्याची जी थट्टा केली, तिच्यातून न्यूटनची प्रतिमा शेवटपर्यंत सावरली नाही.

जेफ हॉकिन्स हे हस्ताक्षर-ओळखीवर न्यूटनच्या आधीपासून काम करणारे अभियंते. त्यांचा स्वतःचा 'झूमर'ही १९९३ मध्ये फसला होता. त्यातून त्यांनी उलटाच निष्कर्ष काढला : यंत्राने सर्वांची अक्षरे ओळखण्यापेक्षा माणसाने यंत्रासाठी थोडे वळण बदलावे. हीच 'ग्राफिटी'. तिच्यात बहुतेक प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता, एका रेषेत लिहायचे. 'ए'ची आडवी दांडी गेली, 'टी'चा काटकोन झाला. पडद्याखालच्या एका लहानशा चौकटीत डावीकडे अक्षरे, उजवीकडे अंक. आणि अक्षरे एकापुढे एक नव्हेत, एकावर एक लिहायची. ओळ कागदावर पुढे सरकते ही लेखनाची पुरातन सवयच येथे मोडली. आश्चर्य असे की लोकांनी कुरकुर न करता ती मोडू दिली. स्वतःची चूक माणसाला सुधारता येते, यंत्राच्या चुकीपुढे तो हतबल असतो, हे त्याचे कारण असावे.

यंत्र घडण्यापूर्वी हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि कोणी भेटीची वेळ मागितली की तो काढून त्यावर टिचक्या मारल्याचा अभिनय करीत. पहिल्या पायलटची स्मृती १२८ किलोबाइट, पडदा १६० गुणिले १६० बिंदूंचा आणि शक्ती दोन बारीक पेन्सिल-सेलांची. या संगणकात नेहमीच्या अर्थाने 'फाइल' नव्हती. नोंदी जेथे साठवायच्या तेथेच बदलायच्या. म्हणून 'जतन करा' ही आज्ञाच उरली नाही. वापरणारा कोणत्याही क्षणी दुसऱ्या चित्रावर टिचकी मारील, तेव्हा चालू आज्ञावलीने हातातले काम टिपून निमूट बाजूला व्हायचे. मेजावरच्या संगणकासाठी ऐसपैस लिहिण्याची सवय असलेल्या अभियंत्याला हे जाचक वाटले असल्यास नवल नाही. रॉब हायटानी यांनी तर प्रत्येक कामास किती टिचक्या लागतात हे मोजून पडदे आखले : नवी नोंद वारंवार करावी लागते, म्हणून तिचे बटण समोर, खोडणे क्वचित, म्हणून ते आतल्या यादीत. संपादनाची ही शिस्त साहित्याच्या अभ्यासकांना अगदीच परकी वाटू नये.

मराठी वाचकाला येथे मोडी आठवल्यावाचून राहत नाही. शिरोरेषा आधी ओढून हात न उचलता लिहायचे आणि वेगासाठी अक्षराचा आकार वाकवायचा, हा व्यवहार आपल्या कारकुनांना ठाऊक होता. पण साम्य येथेच संपते. मोडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी वळवली. तिचा कोणी धनी नव्हता. ग्राफिटीला धनी होता, आणि त्यावर दुसऱ्याचा दावाही होता. झेरॉक्समधील डेव्हिड गोल्डबर्ग यांनी एकरेषीय अक्षरांची 'युनिस्ट्रोक्स' ही पद्धत आधीच मांडली होती. तिचे पेटंट १९९७ मध्ये मिळताच झेरॉक्सने खटला भरला. (गंमत अशी की 'पायलट' हे नावही पेन बनवणाऱ्या एका कंपनीच्या हरकतीमुळे सोडावे लागले होते.)

खटला चालू असतानाच, २००३ मध्ये, पामने ग्राफिटी मागे घेऊन 'ग्राफिटी २' आणली. आता 'टी', 'आय', 'के' आणि 'एक्स' यांना दोन रेषा लागू लागल्या. दिसायला ती पूर्वीपेक्षा शाळेतल्या अक्षरांच्या जवळची, पण सात वर्षे मुरलेल्या हातांना अडखळवणारी. ज्याची बोटे जुन्या वळणाला सरावली होती, त्याला एका कायदेशीर वादापायी तिसऱ्यांदा अक्षरओळख करावी लागली. २००४ मध्ये न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवले. तरी २००६ मध्ये पामने २ कोटी २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. जुनी ग्राफिटी मात्र पामच्या नव्या यंत्रांवर परतली नाही. ती परतली २०१० मध्ये, अँड्रॉइड फोनांसाठीच्या एका लहानशा आज्ञावलीच्या रूपाने. तोवर बहुतेकांची बोटे काचेवरच्या कळफलकाला सरावली होती.