प्लॅटिनम गोळीवर कसे बसते?

सल्फ्यूरिक आम्लाची संपर्क पद्धत शिकवताना ‘प्लॅटिनमयुक्त अॅस्बेस्टॉस’ हे शब्द वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले गेले. ते प्लॅटिनम अॅस्बेस्टॉसवर बसले कसे, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

पेट्रोलच्या धंद्यात हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. व्लादिमिर हेन्सेल यांच्या पद्धतीचा पहिला कारखाना अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९४९ साली सुरू झाला. हलक्या प्रतीच्या नॅफ्थापासून उत्तम पेट्रोल करायचे आणि उत्प्रेरक म्हणून वापरायचे चक्क प्लॅटिनम! परवडले ते एवढ्यासाठीच, की अॅल्युमिनाच्या गोळीत प्लॅटिनम एक टक्क्याहूनही कमी असे. तेव्हा ते वाया जाऊन कसे चालेल?

कृती साधी. गोळ्या प्लॅटिनमच्या क्षाराच्या द्रावणात भिजवायच्या, वाळवायच्या, तापवायच्या. पाणी आटल्यावर ताटलीत मीठ उरते, तसेच हे असावे असे वाटते. पण १९५७ साली माटमन आणि प्रेटर यांच्या शोधनिबंधातून वेगळेच चित्र पुढे आले. क्लोरोप्लॅटिनिक आम्लातील प्लॅटिनम अॅल्युमिना स्वतःच ओढून घेते, आणि तेही इतक्या जोराने, की ते गोळीच्या बाहेरच्या थरातच अडकते. आतला भाग कोराच राहतो.

ही ओढ विद्युतभाराची. पाण्यात ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. आम्लात ते प्रोटॉन घेतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. अल्कलीत प्रोटॉन सोडतात आणि तो ऋणभारित होतो. मधल्या एका सामूला भार शून्य. अॅल्युमिनासाठी हा सामू ८ ते ९ च्या आसपास, सिलिकासाठी २ ते ४ च्या दरम्यान. जॉर्ज पार्क्स यांनी १९६५ मध्ये अशी विखुरलेली मापने एकत्र आणली, आणि ब्रुनेल यांनी १९७८ मध्ये ती उत्प्रेरकांच्या कृतीला लावून दाखवली. क्लोरोप्लॅटिनेट आयन ऋणभारित, म्हणून आम्लधर्मी द्रावणात तो अॅल्युमिनावर बसतो. सिलिका त्याला दाद देत नाही. तिच्यासाठी अल्कली द्रावण आणि अमोनियाशी जोडलेला धनभारित प्लॅटिनम आयन हवा. मला यातले सौंदर्य असे वाटते, की शाळेतल्या ‘विजातीय भार आकर्षतात’ या नियमापलीकडे इथे फारसे काही लागत नाही. अर्थात आम्ल बेताने घालावे, नाहीतर अॅल्युमिनाच विरघळू लागते.

प्लॅटिनम आतवर पोचवायचे असेल तर? द्रावणात सायट्रिक आम्ल मिसळतात. ते बाहेरच्या जागा अडवून बसते आणि प्लॅटिनमला आत सरकावे लागते.