तळे आणि दवाखाना

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने औषधांच्या ज्ञानाबरोबर आपले वर्तन, बोलणे आणि जबाबदारीची जाणीवही घडवावी, या शिक्षणाला आज व्यक्तिगत व व्यावसायिक विकास म्हणतात. परंतु समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला सारखीच सेवा मिळते की नाही, हा त्यातील सर्वांत अवघड प्रश्न महाराष्ट्रात वर्गाबाहेर आणि बराच आधी उभा राहिला.

सीताराम केशव बोले यांचा जो ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला, त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांच्याबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याची शिफारस होती. बोले ठरावाची आठवण पाण्याशी जोडली गेली आणि दवाखान्याचा उल्लेख मागे पडला, हे खेदाचे आहे. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा समुदाय तळ्यावर जाऊन पाणी प्याला, तेव्हा त्या हक्काचा प्रत्यक्ष वापर झाला. लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे पंचगव्याने 'शुद्धीकरण' करण्यात आले, नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला आणि तळ्याच्या हक्कावरून झालेल्या दाव्यात उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास 17 मार्च 1937 उजाडला. ज्या परिषदेने तळे गाठले, तिनेच मृत जनावराचे मांस सोडावे, शिक्षण घ्यावे, शेतीकडे वळावे असेही सांगितले होते. म्हणजे माणसाचे वर्तन, त्याचा व्यवसाय आणि त्याचा हक्क यांचे शिक्षण तेथे एकत्र झाले.

आता ठरावातील दवाखान्याकडे वळू. पूर्वी तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधांचे मिश्रण करून देणाऱ्यास कंपाउंडर म्हणत. 1948 च्या फार्मसी कायद्याने औषधनिर्मात्यांच्या नोंदणीची व शिक्षणाची चौकट घातली, तर 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने पाणवठा नाकारणे, दवाखान्यात प्रवेश नाकारणे आणि माल विकण्यास नकार देणे हे तिन्ही गुन्हे ठरवले. तळ्याचा आणि औषधाच्या दुकानाचा प्रश्न अशा रीतीने एकाच कायद्यात आला. 2014 च्या नियमावलीनुसार आखलेल्या बी. फार्मच्या पहिल्या सत्रात संवादकौशल्य हा विषय आहे. त्याच्या पहिल्या तासाला बोले ठरावातील 'दवाखाने' हा शब्द वाचला जाणे सर्वथा उचित होईल.