बातुमीचा निर्णायक डाव

28 जुलै 2025 रोजीं जॉर्जिया देशांतील बातुमी येथें नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिनें आंध्रच्या श्रीमती कोनेरू हम्पी यांचा पराभव करून बुद्धिबळांतील महिलांचा विश्वचषक जिंकला. विजेती एकोणीस वर्षांची. पराभूत खेळाडू अडतीस वर्षांची व जलद बुद्धिबळांत दोन वेळां जगज्जेती ठरलेली. इतकी हकीकत सर्वश्रुत आहे. हा विजय कोणत्या जातीचा होता, याचा विचार मात्र व्हावयास हवा.

पहिले दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले, तेव्हां जलद डावांचा प्रसंग आला. प्रत्येकीस पंधरा मिनिटें व दर खेळीमागें दहा सेकंद. त्यांतील पहिलाही डाव बरोबरींत गेला. दुसऱ्यांत दिव्येकडे काळीं मोहरीं होतीं. घड्याळाच्या तगाद्यानें हम्पींचा तोल गेला आणि दिव्येचा पक्ष वरचढ झाला. परंतु डावाच्या अखेरीस हातचा विजय तिच्याकडूनही निसटूं लागला. त्यानंतर जी चूक झाली ती हम्पींची, आणि तीच शेवटची ठरली. आपणांस डावाची अखेर अजून शिकावयाची आहे, असें दिव्येनें जिंकल्यावर स्वतःच सांगितलें. जयघोष चालू असतां असें बोलणें सोपें नव्हे.

तर मग हा विजय आयता मिळाला काय? मला तसें वाटत नाहीं. त्याआधीं सातच महिने, 12 डिसेंबर 2024 रोजीं, सिंगापूर येथें गुकेश व चीनचा डिंग लिरेन यांचा चौदावा, म्हणजे अखेरचा डाव झाला. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशचें एक प्यादें अधिक होतें, पण सारीं प्यादीं पटाच्या एकाच बाजूस असल्यामुळें बरोबरी जवळजवळ ठरलेली. गडमुडशिंगीस घरच्या पटावर ती अखेर मांडून पाहिली म्हणजे डिंगची पंचावन्नावी खेळी अंगावर कांटा आणते. त्यानें हत्तीस हत्ती देऊं केला. त्याचा उंट कोपऱ्यांत अडकलेला. हत्ती गेले, लागलीच गुकेशनें उंटास उंट भिडविला, आणि उरले दोन राजे व प्यादीं. तें एक जास्तीचें प्यादें आतां सर्वस्व झालें. पण गुकेशनें बरोबरी पत्करून पट आवरला असता, तर ही चूक घडलीच नसती. जो खेळत राहतो त्यालाच दुसऱ्याची चूक लाभते.

आमच्या जुन्या देशी खेळांत प्यादें ज्या घरीं पोंचे त्या घरचें मोहरें होई, आणि प्यादेमातीचा मान मोठा. पाश्चात्त्य नियमांत तें कोठेंही पोंचून वजीर होऊं शकतें. म्हणून तेथें अखेरीच्या खेळाचें स्वतंत्र शास्त्रच उभें राहिलें. तें शास्त्र आमच्या मुलींनींही आत्मसात केलें आहे. 1974 सालीं महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. त्यांची भगिनी रोहिणी 1981 सालीं आशियाई विजेती झाली.

ग्रँडमास्टर ही पदवी हम्पींनीं 2002 सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं मिळविली होती, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या पदवीसाठीं लागणारे टप्पे दिव्येनें एकही गांठलेले नव्हते. बातुमीच्या त्या एका डावानें ती एकदम भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली.