भंगारातून आलेला किरणोत्सर्ग

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर पिरंगुटच्या एका ताईंनी विचारलं, "टीव्हीवर सांगतात तो डर्टी बॉम्ब इकडं फुटला तर सरकार काय करणार?" म्हणून आम्ही थोडी माहिती काढली.

डर्टी बॉम्ब म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. साध्या स्फोटकाला किरणोत्सारी पदार्थ जोडला, की स्फोटाबरोबर त्याची धूळ पसरते. असा हल्ला आपल्या देशात झालेला नाही. तरी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं फेब्रुवारी २००९ मध्ये अशा प्रसंगासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. किरणोत्सर्ग मोजायचं आणि माणसांच्या अंगावरची धूळ धुऊन काढायचं शिक्षण एनडीआरएफच्या जवानांना असतं. त्यांची पाचवी बटालियन आपल्या शेजारी मावळात, सुदुंबऱ्याला आहे. २०१४ मध्ये माळीणला दरड कोसळली तेव्हा धावून आले ते हेच जवान.

पण आपल्याकडं खरं संकट आलं ते बॉम्बमधून नाही, भंगारातून. घाटाखालच्या खोपोलीत एका भट्टीत भंगाराबरोबर कोबाल्ट-६० वितळलं. त्या पोलादाची लिफ्टची बटणं झाली आणि फ्रान्सला पोचली. २००८ च्या ऑक्टोबरात तिथं ते उघडकीला आलं. तोवर तिथल्या एका कारखान्यातल्या सुमारे २० कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग लागला होता. आपल्याकडून माल बाहेर पडताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

मग २०१० मध्ये दिल्लीचं मायापुरी. विद्यापीठानं १९८५ पासून पडून असलेलं यंत्र लिलावात विकलं आणि भंगाराच्या दुकानात ते तोडलं गेलं. माणसं आजारी पडली, एक कामगार दगावला. आजारी माणूस दवाखान्यात गेल्यावरच प्रकार कळला. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं येऊन दुकानं तपासू लागली. सूचना निघून तेव्हा वर्ष झालं होतं.

आम्हाला वाटतं, तयारी आहे, पण ती कळल्यानंतरची. भंगार आधी हातात घेतात त्या आपल्याच बायका. म्हणून गटाच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही ती खूण काढून घेतली: पिवळ्यावर, पंख्यासारखी तीन पाती. खूण दिसली, किंवा लहान असून फार जड असा धातूचा डबा सापडला, तर फोडायचा नाही. लांब व्हायचं, पोरांना लांब ठेवायचं, हात साबणानं धुवायचे आणि ११२ ला फोन करायचा. पुढच्या बैठकीत ही वही भंगारवाल्या दादांनाही दाखवणार आहोत.