एस्प्लनेडचे सांधे

एस्प्लनेड हे कलकत्त्यातील कोणा एका इमारतीचे नाव नव्हे. पलाशीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधला आणि तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून भोवतालची जमीन साफ करविली. त्या मैदानाच्या उत्तर कडेचा हा भाग. राजभवन आणि धर्मतल्ला यांच्या आसपास पुढे शहराच्या वाटा एकत्र आल्या. १९०२ च्या मार्च महिन्यात येथून खिदिरपूरकडे विजेवर चालणारी ट्राम निघाली. १९८४ च्या ऑक्टोबरात देशातील पहिली भुयारी रेल्वे येथूनच भवानीपूरकडे धावली. जेथे अनेक वाटा मिळतात तेथे गाडीला योग्य रुळावर घालणारा सांधा लागतो आणि तो वेळेवर फिरविणारा माणूसही लागतो. गाडी सर्वांना दिसते. सांधेवाला कोणाच्या नजरेस पडत नाही.

माणसांच्या वाटांना जे लागू, तेच शब्दांच्या वाटांनाही. त्या शब्दवाटांची हिंदुस्थानातील पहिली जुळणी याच महानगरात झाली. १८३९ साली मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी शहराजवळ बांबूंवर तार ताणून आणि तिचा काही भाग हुगळीच्या पात्रात बुडवून विजेने संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. कंपनी सरकारला त्याचे महत्त्व कळण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. अखेर १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. समुद्राकडून येणाऱ्या जहाजांची वर्दी आता घोडेस्वाराची वाट पाहीनाशी झाली.

या कामी ओशॉनेसींचा उजवा हात होता शिवचंद्र नंदी. टांकसाळीतील नोकरीतून तारेच्या कामाकडे वळलेल्या या बंगाली तरुणाने डायमंड हार्बरहून पहिला संकेत पाठविला. तो कलकत्त्यात ओशॉनेसी आणि गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या समक्ष उतरला. पुढे पद्मा नदीखालून तार न्यायची वेळ आली तेव्हा आगबोटीचा खर्च टाळून नंदींनी कोळ्यांच्या होड्या भाड्याने घेतल्या आणि काम तडीस नेले. डलहौसींचे नाव पुढे एका चौकाला मिळाले. १८८३ साली रायबहादूर झालेल्या नंदींचे नाव मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

तारेत दोन टोके असतात, दूरध्वनीत शेकडो. तेथे खरा सांधा हवा. २८ जानेवारी १८८२ रोजी मेजर बेअरिंग यांनी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील दूरध्वनिकेंद्रे सुरू झाल्याचे जाहीर केले. कलकत्त्याचे केंद्र एस्प्लनेडपासून जवळच, कौन्सिल हाउस स्ट्रीटवरील सात क्रमांकाच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर होते. त्याचे ग्राहक होते अवघे ९३. पण या ९३ जणांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र तारेने जोडायचे, तर चार हजारांहून अधिक तारा लागल्या असत्या. सर्व तारा एका फळ्यावर आणल्या की ९३ पुरतात. मग हव्या त्या दोघांची गाठ तेथे बसलेला माणूस घालून देतो. 'स्विच' या कल्पनेचे सारे मर्म एवढ्यात आले.

मात्र जोडणाऱ्याच्या हाती दोघांचेही संभाषण असते, आणि त्याच्या मनात आले तर गाठ भलतीकडेही पडू शकते. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरविणारा एक व्यावसायिक होता. आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा संशय त्याला आला, अशी कथा सांगतात. १८९१ साली त्याने मनुष्यावाचून जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. स्वतंत्र भारतात १९४८ साली बंगलोरला स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने याच पद्धतीची केंद्रे तयार केली आणि फळ्यासमोरची माणसे हळूहळू उठून गेली.

यंत्र आले म्हणून विश्वासाचा प्रश्न संपला असे नाही. तो जागा बदलून बसला. संगणकांची जाळी विणली जाऊ लागली तेव्हा संदेशाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालण्याची रीत रूढ झाली. १९९० साली भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, त्या अमेरिकेतील 'कल्पना' कंपनीने सात तोंडांचा स्विच बाजारात आणला. असा स्विच प्रत्येक तुकड्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता पाहून तो कोणत्या तोंडाशी राहतो हे टिपून ठेवतो. पत्ता अनोळखी असेल तर तो तुकडा आलेले तोंड सोडून बाकी सर्व तोंडांनी पाठवितो आणि उत्तर येताच शिकतो. परंतु स्विचांची जोडणी वर्तुळाकार झाली, तर हीच हाक फिरत राहते, वाढत जाते आणि सारे जाळे बुडविते. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी तोड काढली: शेजाऱ्यांनी आपसांत बोलून एकाला मूळ मानावे, जादा वाटा बंद ठेवाव्या आणि चालू वाट तुटली की त्यांतील योग्य ती उघडावी. आज विदाकेंद्रांतील हजारो संगणकांची गाठ घालून देण्याचे काम अशाच यंत्रांकडे आहे.

ही विद्या कोणा एका दरबारात वाढली नाही. १९६९ पासून जगभरचे तंत्रज्ञ आपले मसुदे 'मते कळवा' या अर्थाच्या शीर्षकाखाली परस्परांपुढे ठेवीत आले. २००३ साली दक्षिण आशियातील जाळी सांभाळणारे काठमांडूस एकत्र जमले. त्याच वर्षी देशातला संदेश परदेशी फेरा न घेता देशातच वळावा म्हणून राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राची स्थापना झाली. परस्परांचे व्यापारी स्पर्धक असलेले लोकही बिघाडाच्या रात्री एकमेकांना हाक देतात, कारण दुसऱ्याचे जाळे कोसळले तर आपल्याही ग्राहकाची वाट बंद होते.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मोबाइलवर दिल्लीतील सुखराम यांच्याशी संभाषण केले. २०१३ च्या जुलैत देशातील तारसेवा बंद झाली. बोलणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदविली. मधला सांधा त्या दिवशी कोणी जुळवून दिला, हे मात्र शिवचंद्र नंदींच्या पाठीमागे होड्या वल्हविणाऱ्या कोळ्यांच्या नावांप्रमाणेच अलिखित राहिले.